सिंधूची खोटी जबानी : ‘एकच प्याला’ची शोकांतिका कशी घडते?

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे निवर्तले. वय अवघे ३३. महिनाही उलटला नव्हता, तोच २० फेब्रुवारीस गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग केला. पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांची. हे नाटक आपण ‘दारूचे दुष्परिणाम’ या एका ओळीत आटोपतो. वस्तुतः ती सिंधू आणि सुधाकर यांच्या प्रेमाची शोकांतिका आहे. तिचा घाव एवढा खोल का बसतो, ते या धाग्यात पाहू.

प्रथम हे ध्यानात घ्या, मित्रहो, की गडकऱ्यांनी शेवट लपवून ठेवलेला नाही. नाटकाच्या नावातच तो आहे. पुढे काय होणार हे प्रेक्षकाला कळलेले असते. कळत नसते ते सुधाकराला. हा बुद्धिमान, मानी वकील. न्यायालयातील खटक्यामुळे त्याची सनद काही काळ रद्द होते आणि दुखावलेल्या त्या क्षणी तळीराम पहिला प्याला पुढे करतो. म्हणजे दारू शिरते ती अभिमानाला पडलेल्या भेगेतून. मधे तो दारू सोडतोही. परंतु कामासाठी हिंडताना जो तो त्याला झिडकारतो आणि प्याला पुन्हा हाती येतो. आशा दाखवून ती हिरावून घेणे, ही गडकऱ्यांची खरी हातोटी.

दुसरी हातोटी हास्याची. ‘आर्य मदिरा मंडळा’च्या प्रवेशांना प्रेक्षक पोट धरून हसतो. त्याच नाटकात सिंधू माहेरची मदत नाकारून दळण दळत असते. मघाच्या हसण्याची मग लाज वाटू लागते.

यात बालगंधर्वांचा वाटा नाटककाराइतकाच मोठा. भरजरी शालूंसाठी ज्यांना पाहायला लोक येत, ते नारायणराव सिंधूच्या दारिद्र्यात ठिगळांचे लुगडे नेसून उभे राहिले. त्या एका वस्त्राने जे सांगितले असेल, त्याला स्वगताची गरज नव्हती. (गडकऱ्यांची स्वगते मला कधीकधी लांबलेली वाटतात, हेही सांगून टाकतो.)

आता शेवट. नशेत सुधाकराच्या हातून मूल मरते, सिंधू प्राणांतिक जखमी होते. फौजदार येतो. आणि सिंधू नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटे सांगते.

येथे ‘ऑथेल्लो’ आठवल्यावाचून राहत नाही. देवलांच्या ‘झुंझारराव’मुळे ती कथा मराठी रंगभूमीला १८९० पासून परिचित होती. मरणोन्मुख डेस्डेमोनाही नवऱ्यावरचा आळ स्वतःवर घेते. पण शेक्सपिअर ते खोटे टिकू देत नाही. एमिलिया तिथल्या तिथे ओरडून सत्य उघड करते. गडकऱ्यांकडेही अशी फटकळ स्त्री आहे, तळीरामाची बायको गीता. ती नवऱ्याला सडेतोड सुनावते. मात्र अखेरच्या प्रसंगाचे वजन गडकरी गीतेच्या जिभेवर न टाकता सिंधूच्या मौनावर टाकतात. सुधाकराला शिक्षा कायदा देत नाही, तो स्वतःच विष घेतो. प्रेक्षकाचा राग अश्रूंत विरघळतो. नाटक म्हणून हे विलक्षण प्रभावी आहे, आणि माझी अडचणही तीच आहे.

गेल्या वर्षी नगरमध्ये आम्ही काही विद्यार्थ्यांनी या नाटकाचे अभिवाचन केले. सिंधू वाचणारी मैत्रीण फौजदाराच्या प्रवेशापाशी थांबली. “हे मला वाचवत नाही,” म्हणाली. तिच्या आवाजात रडू नव्हते, संताप होता. १९१९ च्या प्रेक्षागृहात याच ठिकाणी हुंदके फुटत असतील. संहितेतला शब्दही बदललेला नाही. बदलली आहे ती ऐकणारी बाजू.

आमच्याच जिल्ह्यातील पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धी आहे. तेथे ग्रामसुधारणेचा आरंभ दारूबंदीपासून झाला. आज राज्याच्या नियमांनुसार गावातल्या निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांनी ‘आडव्या बाटली’ला कौल दिला, तर दारूचे दुकान बंद होते. सिंधूच्या काळात स्त्रियांना मतच नव्हते. नाटककाराने तिला बोलण्याची एकच संधी दिली, फौजदारासमोरची. ती तिने नवऱ्यासाठी खर्च केली.

आमची मैत्रीण अखेर तो प्रवेश वाचून गेली, मात्र सपाट आवाजात, एकही हुंदका न आणता. खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही.