रामशास्त्र्यांचे शील आणि आजचा न्यायाधीश

न्यायाधीशाच्या निःस्पृहतेची गोष्ट निघाली की महाराष्ट्रात प्रथम रामशास्त्री प्रभुणे यांचेच नाव ओठांवर येते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्याचा दोष रघुनाथरावांवर ठेवून, यास देहान्ताशिवाय दुसरे प्रायश्चित्त नाही असे शास्त्रीबोवांनी त्यांस तोंडावर सांगितले व पुणे सोडले, ही कथा घरोघरी परंपरेने चालत आली आहे. तिने आमची मान उंचावते. परंतु तो निर्णय अमलात आणणारी सत्ता कोठेच नव्हती, हे सहसा कोणी ध्यानी घेत नाही. धन्याच्या मर्जीवर चालणाऱ्या त्या पदास आधार होता तो केवळ एका पुरुषाच्या शीलाचा. त्या जागी एखादा भित्रा वा लोभी शास्त्री असता, तर प्रजेने दाद कोणाकडे मागावयाची?

राज्यघटनेने हा आधार व्यक्तीकडून काढून नियमावर ठेविला. सर्वोच्च वा उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशास दूर करावयाचे, तर गैरवर्तन किंवा असमर्थता सिद्ध व्हावी लागते आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांचे विशेष बहुमत लागते. ही तटबंदी आवश्यकच होय. पण तिच्या आड दोषीही सुखाने राहू शकतो. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या अध्यक्षतेखालील समितीने न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांस अनेक आरोपांत दोषी ठरविले. तरी मे १९९३ मध्ये लोकसभेत ठरावाच्या बाजूस १९६ मते पडली, विरुद्ध एकही नाही, २०५ सभासद तटस्थ राहिले, आणि ठराव फसला.

दुसरे टोक मुंबईने १९९५ साली पाहिले. पुस्तकाच्या मानधनावरून वकिलांच्या संघाने मुख्य न्यायमूर्ती ए. एम. भट्टाचार्जी यांच्या राजीनाम्याची मागणी केली व त्यांनी पद सोडले. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की वकिलांनी दडपण आणू नये. तक्रार सरन्यायाधीशांकडे न्यावी. पुढे १९९९ साली न्यायाधीशांनीच न्यायाधीशांची चौकशी करण्याची अंतर्गत पद्धत स्वीकारण्यात आली. मात्र तिचा अहवाल लोकांपुढे ठेवण्याचे बंधन नाही.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी सांगितले होते, की संवैधानिक नीती ही उपजत भावना नव्हे. ती प्रयत्नाने अंगी बाणवावी लागते. आमच्या मते या प्रश्नात तिचा अर्थ एवढाच, की निकाल आणि वर्तन यांची गल्लत होऊ नये. निकाल न रुचला तर वरच्या न्यायालयात जावे. त्यासाठी न्यायाधीशास कोणी धाक घालू नये. परंतु वर्तनाविषयी शंका उठली, तर चौकशी अशी व्हावी की तिची कारणे लोकांस वाचता येतील. गुप्त चौकशीत निर्दोष ठरलेल्याची अब्रूदेखील पुरती धुऊन निघत नाही.

आमच्या वऱ्हाडात शेलूबाजारच्या शेतकऱ्याचा बांधाचा तंटा मंगरूळपीरच्या न्यायालयातून चढत चढत नागपूरच्या खंडपीठापर्यंत जातो. तेथील न्यायमूर्तींचे मुखही तो बहुधा पाहत नाही. त्यांच्यापैकी प्रत्येकाने रामशास्त्री असावे, अशी अपेक्षा त्याने कोणत्या आधारावर करावी? न्यायाधीश सामान्य माणूस असला, तरी आपणांस न्याय मिळेल, एवढा भरवसा त्यास देणे हे राज्याचे काम आहे.