जळत्या घरांचा खरेदीदार : क्रॅसस आणि रोममधील पडक्या इमारती

मार्कस लिसिनियस क्रॅसस या रोमन धनाढ्याची एक कथा सर्वत्र सांगितली जाते. त्याने म्हणे स्वतःचे अग्निशामक दल उभारले होते. घर पेटले की हे दल तेथे पोहोचे आणि मालक घर विकण्यास तयार होईपर्यंत पाण्याचा थेंबही टाकत नसे. कथा रंगतदार आहे. पण ज्याच्या क्रॅसस-चरित्राचा तिला आधार मानला जातो, तो प्लुटार्क अशा दलाविषयी एक अक्षरही लिहीत नाही. त्याने जे नोंदवले आहे ते अधिक थंड डोक्याचे, आणि म्हणूनच अधिक भयंकर आहे.

इ.स.पू. पहिल्या शतकात रोममधील सामान्य माणूस 'इन्सुला' नावाच्या बहुमजली, भाड्याच्या इमारतींत राही. एका अर्थी त्या काळच्या चाळीच. तळाला दुकाने, वर खोल्या. जागा अपुरी, म्हणून मजले चढत गेले. कुडाच्या भिंती तर मशालीसारख्या पेट घेतात, अशी वास्तुतज्ज्ञ व्हिट्रुव्हियसची तक्रार होती. ऑगस्टसने रात्रपहारा देणारे मोठे अग्निशामक दल स्थापले ते इ.स. ६ मध्ये, म्हणजे क्रॅससच्या मृत्यूनंतर सुमारे ६० वर्षांनी.

प्लुटार्क सांगतो की क्रॅससने आधी स्थापत्य आणि बांधकाम जाणणारे गुलाम विकत घेतले. त्यांची संख्या ५०० च्या वर गेल्यावर तो जळती घरे, आणि त्यांना लागून असलेली घरेही, खरेदी करू लागला. पुढे काय होईल या धास्तीने मालक ती कवडीमोलाने देऊन टाकीत.

येथे क्रम महत्त्वाचा आहे. कारागीर आधी, घर नंतर. पडके घर घेणाऱ्याचे कंबरडे मोडते ते दुरुस्तीच्या खर्चाने. क्रॅससने तो भार मजुरी न मिळणाऱ्या माणसांच्या खांद्यावर टाकला. त्या पाचशेंपैकी एकाचेही नाव प्लुटार्क देत नाही.

भांडवलही निष्कलंक नव्हते. इ.स.पू. ८२ मध्ये सुल्लाने सत्ता हाती घेतली आणि विरोधकांच्या वधयाद्या लावल्या. त्यांच्या जप्त मालमत्ता लिलावात निघाल्या, तेव्हा त्या स्वस्तात घेणाऱ्यांत क्रॅसस पुढे होता. एका माणसाची इस्टेट हवी म्हणून त्याचे नाव क्रॅससने परस्पर यादीत घातले, असाही आरोप झाला. सुरुवातीच्या ३०० टॅलेंटांची संपत्ती पुढे ७,१०० टॅलेंटांवर गेली. रोमचा बहुतेक भाग त्याच्या मालकीचा झाला, हे प्लुटार्कचे विधान अतिशयोक्त मानले तरी पसारा लहान नव्हता.

गंमत अशी की, या माणसाने स्वतःसाठी एकच घर बांधले. बांधकामाचा शौक असणाऱ्याला बुडवायला वेगळा शत्रू लागत नाही, असे त्याचे मत होते!

पडक्या इमारतींतून पैसा काढणारा तो एकटा मात्र नव्हता. इ.स.पू. ४४ च्या एप्रिलमध्ये सिसेरोने आपला मित्र अॅटिकस याला पत्र लिहून कळवले की, त्याची दोन दुकाने कोसळली आहेत, उरलेल्यांना तडे गेले आहेत आणि भाडेकरूच काय, उंदीरही तेथून निघून गेले आहेत. त्याचा सूर मात्र खेळकर आहे. कारण पुनर्बांधणीची अशी योजना त्याच्या हाती आली होती की नुकसानीतूनच नफा व्हावा. बेघर झालेले भाडेकरू कोठे गेले, याचा त्या पत्रात उल्लेख नाही.

पुढे सम्राट क्लॉडियसच्या काळात सिनेटला या धंद्याच्या एका प्रकारात हात घालावा लागला. नफ्यासाठी पाडण्याच्या हेतूने इमारत विकत घेणाऱ्याने दिलेल्या किमतीच्या दुप्पट रक्कम सरकारी खजिन्यात भरावी, असा ठराव झाला. स्वतःच्या वास्तूत फेरफार करणाऱ्यांना सूट होती, पण तो व्यापार नसेल तरच. हा ठराव हर्क्युलेनियम येथे मिळालेल्या ब्राँझच्या पत्र्यावर कोरलेला होता.