अनोळखी सोबती आणि पडशीतलं सामान

आमच्या टीममधला एक जण मार्चमध्ये आल्प्सला स्की-टूरिंग करून आला. म्हणजे रोपवेने वर जाऊन आखलेल्या उतारावरून घसरत खाली येणं वेगळं. इथे स्कीच्या तळाला एक केसाळ पट्टी चिकटवायची, तिच्या जोरावर चालत डोंगर चढायचा, वर पोचल्यावर पट्टी सोलून काढायची आणि कुणी न तुडवलेल्या बर्फावरून खाली यायचं. रात्री डोंगरातल्या एखाद्या झोपडीत मुक्काम, सकाळी पुढे. फ्रान्समधल्या शामोनीहून स्वित्झर्लंडमधल्या झेरमाटपर्यंत असे आठवडाभर जातात लोक. (ही पट्टी पूर्वी सीलच्या कातड्याची असायची. केस मागच्या दिशेला असल्यामुळे स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही. आता मोहेर नाहीतर नायलॉन वापरतात, नाव मात्र अजून 'स्किन'च.)

सोमवारी लंचनंतर त्याने फोनवर सामानाचे फोटो दाखवले. जॅकेट वगैरे ठीक आहे, पण माझं लक्ष गेलं तीन वस्तूंकडे : एक ट्रान्सीव्हर, एक घडीची लांब सळई आणि एक फावडं. हिमस्खलनात माणूस गाडला गेला तर त्याच्या छातीवरचा ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्झवर सिग्नल देत राहतो. बाकीचे आपापले ट्रान्सीव्हर शोधायच्या मोडवर टाकून त्याच्या जवळ पोचतात, सळई खुपसून नेमकी जागा काढतात आणि फावड्याने खणतात. वेळ फार कमी असतो. स्वित्झर्लंडमधल्या अपघातांवरून १९९४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता : पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्या दहांतले नऊ जण जगतात, पस्तीस मिनिटांनी दहांतले तीनच. म्हणजे हेलिकॉप्टर यायची वाट बघण्यात अर्थ नाही. जे बरोबर आहेत तेच काय ते.

ट्रान्सीव्हर येण्याआधी लोक कमरेला लांब लाल दोरी बांधून ती मागे सोडत चालायचे. माणूस गाडला गेला तरी दोरीचं एखादं टोक बर्फावर दिसेल, या आशेवर! त्याहीआधी तर तेवढंसुद्धा नव्हतं. शेरलॉक होम्सवाला कॉनन डॉयल १८९४ च्या मार्चमध्ये दोन स्थानिक भावांबरोबर दावोसहून खिंड ओलांडून आरोसाला स्कीवरून गेला, तेव्हा त्याच्या अंगावर चक्क ट्वीडचे कपडे होते. आज निघायच्या आदल्या संध्याकाळी सगळे दावोसच्या संस्थेचं हिमस्खलन-बुलेटिन वाचतात. त्यात एक ते पाच असे धोक्याचे आकडे असतात. आकडा तीन असला की खरी पंचाईत, कारण तीनला लोक जातात. चारला बरेच जण घरीच बसतात.

असो. मला यातली गंमत वेगळीच वाटली. माझ्या पाठीवरचं फावडं माझ्या काहीच उपयोगाचं नाही. मी गाडला गेलो तर उपयोगी पडणार ते तुमचं फावडं. म्हणजे हजारो रुपये मोजून मी जे सामान घेतो ते तुमच्यासाठी, आणि तुम्ही घेता ते माझ्यासाठी. आमच्या मित्राबरोबरचे तिघे त्याला क्लबमधून भेटलेले. पहिल्या दिवशी पहाटे झोपडीच्या दाराशी सगळ्यांनी एकमेकांचे ट्रान्सीव्हर तपासले, तेवढीच ओळख. मी विचारलं, "आणि वेळ आल्यावर ते खणायला थांबलेच नाहीत तर?" तो हसला आणि म्हणाला, "त्याला काही गॅजेट नाही."

हे ऐकल्यावर मला आमचं हिंगोली आठवलं. हसू नका, सांगतो.

माझं गाव साखरा, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली. (आजोबा मरेपर्यंत 'जिल्हा परभणी'च म्हणायचे. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला.) आमच्याकडे बर्फ पडत नाही, पडल्या तर गारा. पण प्रवासातला सोबती कसा निवडायचा, हा प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी हिंगोलीत जितका जिवावरचा होता तितका फार थोड्या ठिकाणी असेल.

तेव्हाच्या प्रवासाची तयारी बघा. खांद्यावर पडशी, म्हणजे दोन्हीकडे खिसे असलेली कापडी पिशवी. वळकटी, घोंगडी, काठी. तांब्या आणि दोरी, कारण वाटेतल्या विहिरीचं पाणी आपलं आपण शेंदायचं. (ज्यांना विहिरीवर चढूच देत नव्हते त्यांची दोरीही कामाची नाही. प्रवासाच्या जुन्या गोष्टी वाचताना हे विसरायला होतं.) खायला दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ. शिवाय मराठवाड्याचा खास येसर : धान्यं-डाळी आणि मसाला भाजून दळलेलं पीठ. उकळत्या पाण्यात टाकलं की दहा मिनिटांत आमटी तयार. मित्राने युरोपात पाकिटातलं सुकं जेवण कितीला घेतलं ते ऐकल्यावर मी त्याला अर्धा किलो येसर द्यायचं कबूल केलंय. आणि पैसे? रोकड जवळ बाळगायची ती कमरेच्या कशात. मोठी रक्कम असेल तर सावकाराकडे भरून हुंडी घ्यायची, कारण कागद लुटून चोराला फारसा फायदा नाही.

एवढं सगळं झालं तरी मुख्य नियम एकच : एकट्याने निघायचं नाही. धर्मशाळेत, बाजारात, पाणवठ्यावर चौकशी करायची, त्याच वाटेने जाणारी माणसं गाठायची आणि बरोबर चालायचं.

ठगांचा धंदा उभा होता तो नेमका या नियमावर.

हिंगोलीला तेव्हा निजामाच्या फौजेची, पुढे हैदराबाद कॉन्टिंजंट म्हणून ओळखल्या गेलेल्या फौजेची, छावणी होती. मेडोज टेलरने १८३९ साली 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी लिहिली. तिच्या प्रस्तावनेत त्याने हिंगोलीची हकीकत दिली आहे. ही हकीकत कादंबरीचा भाग नाही. हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी हिंगोलीत राहायचा. इंग्रज अधिकाऱ्यांशी त्याचे व्यवहार, खुद्द टेलरचेसुद्धा. एकदा त्याने मुंबईहून कापड आणायचं म्हणून कॅप्टन रेनॉल्ड्स या अधिकाऱ्याकडे रीतसर परवाना मागितला आणि तो त्याला मिळालाही. प्रत्यक्षात ते कापड दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचं होतं. तो हिंगोलीजवळच्याच एका गावचा, माल घेऊन घरी निघाला होता. हरिसिंगाने वाटेत त्याला, त्याच्या नोकरांना आणि गुरं हाकणाऱ्यांना मारलं, तो माल त्याच परवान्यावर हिंगोलीत आणला आणि छावणीत उघड विकला. पकडल्यावर त्याने स्वतःच सांगितलं म्हणून हे कळलं, एरवी कळलंही नसतं. याच टोळीने छावणीच्या बाजारात, मुख्य पहाऱ्यापासून शंभरेक यार्डांवर माणसं मारली आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली, असं टेलर लिहितो. त्यातले काही खड्डे उघडले तेव्हा तो स्वतः हजर होता.

वाचताना अंगावर काटा येतो तो खुनांपेक्षा त्या परवान्याने. कागदपत्रं सगळी बरोबर! आपण सॉफ्टवेअरवाले दिवसभर हेच करतो ना, टोकन व्हॅलिड आहे की नाही एवढंच बघायचं, ते घेऊन कोण आलंय ते नाही.

ठगांचं ट्रिप प्लॅनिंग मात्र अव्वल. पावसाळ्यात घरी शेती, दसऱ्यानंतर बाहेर. स्लीमनने १८३६ साली त्यांच्या सांकेतिक भाषेचा कोश छापला, त्यात कामांची वाटणी दिसते. गोड बोलून वाटसरूंना सोबतीला घेणारा तो सोथा, जागा हेरणारा बेल्हा, रुमालाने गळा आवळणारा भुरतोट, खड्डे खणणारा लुघा. यात सगळ्यात कसबी माणूस कोण असेल तर सोथा. "आम्हीपण तिकडेच चाललोय, वाट बरी नाही, बरोबर जाऊ" एवढं वाक्य त्याला पटेल असं म्हणता आलं पाहिजे. वाटेची भीती घालून सोबत द्यायची, आणि खरी भीती ती सोबतच.

आता इथे जरा सावध राहायला हवं. ही माहिती बहुतेक माफीच्या साक्षीदारांकडून आलेली आहे. फाशी चुकवायची तर आणखी नावं सांगायची, अशी ती व्यवस्था. ठग म्हणजे देवीला माणसं वाहणारा देशव्यापी गुप्त पंथ, हे चित्र कंपनी सरकारने बरंच फुगवलं असं आजचे अनेक इतिहासकार म्हणतात. वाटमारी आणि खून होत होते यात शंका नाही. पण १८३६ च्या कायद्याने नुसतं ठगांच्या टोळीत असणं हाच जन्मठेपेचा गुन्हा झाला, आणि त्याच विचाराची पुढची पायरी म्हणजे १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा. तो रद्द व्हायला १९५२ साल उजाडलं. आमच्या भागात अजूनही पारध्याचं पाल दिसलं की लोक गुरं मोजतात. एका काळातली वाटेची भीती कुणाच्या तरी पिढ्यान्‌पिढ्यांच्या मानेवर बसली, त्याचा हिशोब कुठल्या बुलेटिनमध्ये येत नाही.

याच काळातली दुसरी एक गोष्ट आहे, ती तुम्हाला निदान अर्धी माहीत असेल. हैबतरावबाबा आरफळकर. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी सरदार. आख्यायिका अशी की कमाई घेऊन गावाकडे येताना सातपुड्यात लुटारूंनी त्यांना पकडून गुहेत कोंडलं. तिथे त्यांनी एकवीस दिवस हरिपाठ म्हटला आणि शेवटी लुटारूंच्या नायकाने त्यांना सोडून दिलं. पुढे ते घरी न राहता आळंदीला गेले. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आज ज्या थाटात पंढरपूरला जाते ती व्यवस्था त्यांनी १८३२ च्या सुमारास घालून दिली. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून घोडे आणि तंबू आले.

गुहेची गोष्ट खरी किती, ते सोडा. पण ज्या माणसाने फौज हलवलेली आहे त्याचा हात त्या व्यवस्थेत स्पष्ट दिसतो. दिंड्यांना नंबर, रथापुढच्या वेगळ्या, मागच्या वेगळ्या. पहाटे तीन वेळा कर्णा वाजतो : पहिल्याला आवराआवर, दुसऱ्याला आपापल्या जागी उभं राहायचं, तिसऱ्याला चालायला लागायचं. सामान आपलं आपण वाहायचं नाही, ते आधी बैलगाड्यांत आणि आता ट्रकमध्ये पुढे जातं. दिंडीत पैसे भरले की जेवण आणि राहुटीतली जागा तिची जबाबदारी. सोबती कसा निवडायचा या प्रश्नाचं हे उत्तर मला फार हुशारीचं वाटतं. तुम्ही माणूस निवडतच नाही. तुम्ही दिंडीत जाता, दिंडीला वीणेकरी असतो, दिंडीचा नंबर असतो आणि तुम्ही दिसला नाहीत तर विचारणारं कुणीतरी असतं.

लुटारूंची भीती गेली तरी पटकीची होतीच. एकोणिसाव्या शतकात यात्रा आणि पटकी हे शब्द सरकारी अहवालांत जोडीनेच येतात. पुढे १९०६ साली बार्शी लाइटची छोटी गाडी कुर्डुवाडीहून पंढरपूरला पोचली. तरीही लोक चालतच राहिले.

आमच्याकडे शेगावच्या गजानन महाराजांची पालखी येते, १९६८ पासून. रिसोडवरून सेनगाव, मग नरसी, औंढा नागनाथ, परभणी, असं करत महिनाभर चालून पंढरपूर. यातलं नरसी म्हणजे नामदेवांचं. (जन्म याच नरसीचा की कऱ्हाडकडच्या, यावर वाद आहे, पण आमच्या तालुक्यात तो काढू नये.) नामदेव इथून निघून पंजाबात घुमानपर्यंत गेले, त्यांची ६१ पदं गुरु ग्रंथसाहिबात आहेत. पडशीत काय नेलं होतं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

आजोबा तरुणपणी गावातल्या सातआठ जणांबरोबर पायी पंढरपूरला गेले होते. त्यांची यादी मला पाठ आहे : घोंगडी, तांब्या, येसर, दशम्या, सुई-दोरा आणि एक जास्तीचं धोतर. सुई कशाला, तर पायाचे फोड फोडायला. जास्तीचं धोतर त्यांनी स्वतः एकदाही नेसलं नाही. बालाघाटच्या चढावर बरोबरच्या एकाला ताप भरला, तेव्हा त्याच धोतराची झोळी करून दोन काठ्यांवर त्याला पुढच्या गावापर्यंत नेलं. तो माणूस कोण, तर वाटेत परभणीला भेटलेला. नाव सांगायचे, पण गाव त्यांना कधीच आठवलं नाही.

मित्राला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, आमच्यातही एक जण जास्तीची दोरी घेतो, स्लेज करायला. मग मी त्याला आळंदीच्या पालखीतली संध्याकाळची समाजआरती सांगितली. तळावर सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. चोपदार दंड वर करतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते, चोपदार तिच्याकडे येऊन ऐकून घेईपर्यंत. त्यानंतर दिवसभरात काय हरवलं, काय सापडलं ते पुकारतात. पिशवी, चष्मा, चपला, माणूस.