गोऱ्हे बडविण्याविषयीं तीन प्राचीन साक्षी

गोऱ्हे खच्ची केल्यानें त्यांच्या वाढीवर व मांसावर काय परिणाम होतो, या प्रश्नाचीं जुनीं साधनें पाहूं गेल्यास आरंभ अरिस्टॉटलपासून करावा लागतो. इ. स. पूर्वीं चौथ्या शतकांतील हा ग्रंथकार म्हणतो कीं, लहानपणीं खच्ची केलेले पशु इतरांहून मोठे व देखणे होतात. वाढ पुरी झाल्यावर केल्यास आकार वाढत नाहीं. गोऱ्ह्यांस तो एक वर्षाचें वय सांगतो. उलट रोमन ग्रंथकार व्हॅरो (इ. स. पू. ३७) दोन वर्षांच्या आंत हें करूं नये, असें बजावतो.

तिसरी साक्ष आम्हांस सर्वांत मोलाची वाटते, कारण तिचें मूळच नष्ट झालें आहे. कार्थेजच्या मागोनें शेतीवर २८ पुस्तकें प्यूनिक भाषेंत लिहिलीं होतीं. इ. स. पू. १४६ मध्यें तें नगर पडल्यावर रोमच्या सिनेटनें त्यांचें लॅटिन भाषांतर करविलें. आज मूळही नाहीं, भाषांतरही नाहीं. उरले आहेत ते इतरांनीं दिलेले उतारे. इ. स. च्या पहिल्या शतकांतील कोल्युमेलानें आपल्या सहाव्या पुस्तकांत मागोचें मत नोंदविलें आहे, तें असें: गोऱ्हा कोवळा असतांच, शस्त्र न लावतां, हिंगाच्या वर्गांतील फेरूला नामक झाडाच्या चिरलेल्या काठींत वृषण दाबून हळूहळू चेचावे. आपल्याकडे बैल ‘बडविणें’ म्हणतात, तो प्रकार याच जातीचा. वय टळलेंच, तर एका वर्षापेक्षां दोन वर्षांचा बरा, अशी पुस्तीही तेथें आहे.

अरिस्टॉटलच्या ‘मोठे’ या शब्दाचा अर्थ मात्र उंचीपुरताच घ्यावा. वृषणांतील स्राव नसल्यानें लांब हाडांचीं टोकें उशीरां सांधतात आणि पाय लांबतात. वजनाची गोष्ट निराळी. सारख्याच खाद्यावर वळू अधिक वेगानें वाढतो व त्याच्या अंगीं स्नायु अधिक धरतात. खच्ची केलेल्याच्या अंगीं चरबी धरते, ती मांसाच्या तंतूंतही शिरते, आणि मांस मऊ होतें. वळूचें मांस कमी चरबीचें परंतु राठ असतें, व कत्तलीपूर्वीं जनावर बिथरल्यास तें काळपट पडतें. हा स्राव म्हणजे टेस्टोस्टेरोन. तो १९३५ मध्यें ॲम्स्टरडॅम येथें लाकर व त्याच्या सहकाऱ्यांनीं वळूंच्या वृषणांतूनच शुद्ध रूपांत वेगळा काढला.

उशीरां खच्ची केलेलीं जनावरें कठीण व निरुपयोगी होतात, असें व्हॅरो म्हणतो. हें वाक्य मांसाविषयीं आहे असें कोणी मानील. आम्हांस तें ग्राह्य वाटत नाहीं. गोऱ्ह्यांविषयींच्या या तिन्ही उताऱ्यांत मांसाच्या चवीचें नांवही नाहीं, आणि व्हॅरोच्या डोळ्यांपुढें आहे तो नांगराचा बैल.