आकाशमार्गे येणारी साथ

आपल्यापैकी विमानात पाय ठेवलेली मंडळी हाताच्या बोटांवर मोजता येतील. मग विमानात बसले असता रोग जडतो की नाही, याची उठाठेव ताडकळसने का करावी, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर म्हणता येणार नाही. त्याचे उत्तर १ मार्च २०२० या एका दिवसात आहे, म्हणून तेथूनच आरंभ करतो.

त्या दिवशी दुबईची सहल आटोपून पुण्याचे एक जोडपे मुंबईच्या विमानतळावर उतरले. सहलीत चाळीसेक मंडळी होती. मुंबईहून पुण्यापर्यंत त्यांनी टॅक्सी केली. ९ मार्चला दोघांनाही कोरोना झाल्याचे निदान झाले, आणि महाराष्ट्रात या रोगाचे खाते उघडले. दुसऱ्याच दिवशी त्या खात्यात आणखी तीन नोंदी पडल्या. एक त्यांची मुलगी, दुसरा त्याच विमानातला एक सहप्रवासी, आणि तिसरा तो टॅक्सीचालक. सहप्रवाशाला रोग विमानात जडला की परदेशातच, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. टॅक्सीवाल्याविषयी तशी शंका घ्यायला जागा नाही. त्याने ना विमानाचे तिकीट काढले होते, ना दुबई पाहिली होती. पोटासाठी गाडी चालविणे एवढाच त्याचा संबंध. आमचे उभे आयुष्य अशाच माणसांच्या संघटनेत गेले असल्यामुळे विमानाच्या इतिहासाकडे आम्ही वैमानिकाच्या जागेवरून न पाहता विमानतळाबाहेर गिऱ्हाइकाची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसाच्या जागेवरून पाहतो.

पूर्वी रोगालाही प्रवासाला वेळ लागे. शिडाच्या जहाजातून महिना महिना प्रवास करणाऱ्यांत कोणी आजारी असला तर बंदर दिसण्यापूर्वीच रोग उघडा पडे. व्हेनिससारख्या बंदरांनी जहाजे चाळीस दिवस दूर थांबविण्याची चाल पाडली ती याच हिशेबावर. पुढे आगबोटी आल्या, १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला, आणि हा हिशेब बिघडू लागला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, तेव्हा युरोपातल्या सरकारांची झोप उडाली. हिंदुस्थानच्या मालाला आणि माणसांना बंदरे बंद होतील या धाकाने इंग्रज सरकारने १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगाचा कायदा केला. त्या वर्षी मुंबईहून हजला जाणाऱ्या बोटीही अडविल्या. रेल्वेच्या स्थानकांवर उतारूंना खाली उतरवून त्यांची काखजांघ तपासण्यात येई, आणि त्या तपासणीचा जाच कोणत्या वर्गाच्या उतारूंच्या वाट्याला अधिक येई, हे वेगळे सांगायला नको. पुण्यात या बंदोबस्ताचा अतिरेक झाला व २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली, तो इतिहास आपणा सर्वांना ठाऊक आहे.

१९१८ चा इन्फ्लुएंझा जूनमध्ये मुंबईच्या गोदीतून शिरला. पहिल्यांदा आजारी पडले ते गोदीवर पहारा करणारे पोलिस शिपाई. तेथून आगगाडीने तो देशभर नेला. सप्टेंबरात दुसरी लाट उसळली, आणि ६ ऑक्टोबर या एका दिवसात एकट्या मुंबई शहरात ७६८ माणसे मेली. साऱ्या हिंदुस्थानात सव्वा ते दोन कोटींच्या दरम्यान बळी गेल्याचा अंदाज आहे. त्या वेळच्या मुंबईच्या आकड्यांत एक गोष्ट आम्हाला कधी विसरता येत नाही. युरोपियनांत हजारी ८.३ मेले, तर खालच्या मानलेल्या जातींच्या हिंदूंत हजारी ६१.६. जंतू एकच होता. फरक होता तो चाळीतल्या खोलीचा, जेवणाचा, आणि अंगात ताप असताना कामावर जावे लागते की नाही याचा.

विमानाची गोष्ट त्यानंतरची. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून जुहूला टपालाचे विमान आणले. त्याला सहा महिने होतात न होतात तोच, १२ एप्रिल १९३३ रोजी, हेग येथे हवाई प्रवासातील आरोग्यासंबंधीचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. परंतु त्या काळची भीती शेजारच्या प्रवाशाच्या खोकल्याची नव्हती. ती पीतज्वराची होती, म्हणजे डासाची. हा रोग आफ्रिका व दक्षिण अमेरिकेत आहे. आपल्याकडे तो नाही, पण तो पसरविणारा डास मात्र घरोघरी आहे. म्हणून त्या देशांतून येणाऱ्याकडे लस टोचल्याचा दाखला मागण्यात आपले सरकार पहिल्यापासून कडक राहिले आहे.

श्वासातून पसरणाऱ्या विषाणूपुढे मात्र दाखला चालत नाही. कोरोनाचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच-सहा दिवस जातात, कधी चौदाही. दुबई ते मुंबई हा प्रवास तीन तासांचा. माणूस धडधाकट उतरतो, आणि तापमापक धरून उभा असलेला कर्मचारी ताप तेवढा मोजतो. सगळ्याच परदेशी विमानांतील प्रवाशांची तपासणी ४ मार्च २०२० रोजी जाहीर झाली. ती चार दिवस आधी झाली असती तरी ते जोडपे त्या चाळणीतून सुटलेच नसते, असे आम्हाला वाटत नाही.

आता खुद्द विमानाच्या पोटात काय घडते ते पाहू, कारण याविषयी लोकांत दोन टोकांच्या समजुती आहेत. एकाला वाटते, बंद डबा आहे, एक शिंकला की सगळे आजारी. दुसरा कंपनीची जाहिरात वाचून म्हणतो, दवाखान्यापेक्षा शुद्ध हवा. खरे या दोहोंच्या मध्ये आहे. मोठ्या जेट विमानात साधारण निम्मी हवा बाहेरून घेतात, उरलेली बारीक गाळणीतून गाळून पुन्हा आत सोडतात. ती गाळणी विषाणू वाहणारे कण शंभरातले नव्याण्णवांहून अधिक अडविते. हवा छतातून येते, पायांशी ओढली जाते, आणि तासाला वीस ते तीस वेळा बदलते. पावसाळ्यात काचा लावून निघालेल्या आपल्या एस.टी.ला ही चैन नाही. तथापि हवा गाळणीपर्यंत पोचण्यापूर्वी शेजाऱ्याच्या नाकापर्यंत पोचते, तिला तेथे कोणती गाळणी अडविणार?

आणि ही यंत्रणा चालू असेल तरच हे सारे खरे. १९७७ साली अलास्कात ५४ माणसांचे एक विमान इंजिन बिघडल्यामुळे तीन तास जमिनीवर उभे राहिले. हवा खेळती ठेवणारे यंत्र बंद होते आणि आत एकजण इन्फ्लुएंझाने फणफणत होता. तीन दिवसांत शेकडा ७२ प्रवासी आजारी पडले. १५ मार्च २००३ रोजी हाँगकाँगहून बीजिंगला गेलेल्या विमानात १२० माणसे होती आणि सार्स झालेला एक वृद्ध. त्याच्यापासून सुमारे २२ जणांना रोग जडला, आणि त्यांतले काही त्याच्यापासून सात ओळी दूर बसले होते. दोन ओळींपलीकडे धोका नाही, हा नियम तेथे उघडा पडला. पण त्याच साथीत दुसऱ्या एका विमानात चार रोगी बसले असूनही फार तर एकालाच लागण झाली. असे का? रोगी कोणत्या दिवसात आहे, किती खोकतो, किती वेळ बसतो, यावर सारे अवलंबून.

आमच्या पुण्याच्या जोडप्याने प्रवास केला त्याच १ मार्चला लंडनहून हनोईला एक विमान निघाले होते. दहा तासांहून अधिक पल्ला. त्यात खोकणारी एक प्रवासी महागड्या वर्गात बसली होती. पुढे त्या विमानातले पंधराजण बाधित निघाले, आणि त्यांतले बारा तिच्याच वर्गातले. ऐसपैस खुर्च्यांनी कोणाला वाचविले नाही. इतिहासात क्वचितच असे घडते की साथीची झळ महाग तिकिटाला आधी लागावी.

याच्या उलट टोकाची गोष्ट आपल्या मराठवाड्यातली आहे. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला या लहानशा गावी प्लेग निघाला. मागोमाग सुरतेत फुप्फुसाचा प्लेग झाला आणि हजारो मजूर शहर सोडून पळाले. प्लेग हा विषाणू नव्हे, जिवाणू आहे, औषधाने बरा होतो. पण जगाने धसका घेतला. आखाती देशांनी भारताची विमाने बंद केली, आणि इतरत्र आपले प्रवासी संशयाने तपासले गेले. अमेरिकेत तेरा संशयित धुंडाळले. एकालाही प्लेग निघाला नाही. गरीब गावचा रोग श्रीमंत देशाच्या विमानतळावर जाणार, या नुसत्या शंकेवर एवढा बंदोबस्त. २०२० मध्ये रोगाची दिशा उलटी होती.

मार्च २०२० च्या अखेरीस विमाने थांबली आणि आगगाड्याही थांबल्या. मुंबईच्या विमानतळावर पहारा करणारे अकरा जवान एप्रिलच्या आरंभी बाधित आढळले. १९१८ च्या गोदीतले शिपाई आठवावेत. ७ मे रोजी परदेशात अडकलेल्यांना आणणारी पहिली सरकारी विमाने आखातातून केरळात उतरली. त्यांत मजूरही पुष्कळ होते, तेव्हा त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण त्याच रात्री जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मध्य प्रदेशचे मजूर भुसावळची गाडी गाठण्यासाठी रुळांवरून पायी निघाले होते. गाड्या बंद आहेत अशा समजुतीने थकून ते रुळांवरच निजले. ८ मे च्या पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली सोळाजण गेले. परभणीवरून पूर्णेला येते तीच ही लाईन.

२५ मे ला देशातली विमाने पुन्हा उडाली, आणि मधली खुर्ची रिकामी ठेवावी की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जूनमध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयाने ती भरायला परवानगी दिली. वाद रास्तच होता. दोन माणसांत किती अंतर असावे यावर मोठमोठे वकील बोलले. ट्रकच्या हौद्यात उभ्याने गावी गेलेल्या मजुरांमधल्या अंतराचा विषय मात्र असा कोणाच्या वकीलपत्रात आला नाही.

एप्रिल २०१७ मध्ये नांदेडहून हैदराबादला विमान सुरू झाले, पुढे सेवा मध्येच खंडित झाली व पुन्हा चालू झाली. तेव्हा आपल्यापैकी कोणी कधी तरी बसणारच. त्यांना थोडके सांगतो. चढता-उतरताना आणि विमान उभे असताना मुखपट्टी लावावी, कारण हवा मंदावते ती तेव्हाच. डोक्यावरची हवेची तोटी उघडी ठेवावी. खिडकीजवळची जागा मिळाली तर घ्यावी, येणाऱ्या-जाणाऱ्यांचा संपर्क तेथे कमी. अंगात ताप असेल तर तिकिटाचे पैसे बुडाले तरी जाऊ नये. पगारी रजा असलेल्याला हे सोपे आहे, रोजंदारीवाल्याला नाही, आणि म्हणून आजारपणाच्या रजेची मागणी आम्ही प्रत्येक करारात पहिल्या पानावर मांडतो. उतरल्यावर टॅक्सी केली तर काचा खाली घ्यायला लावाव्यात, आणि मुखपट्टी पुण्यापर्यंत काढू नये.