कामरानचे दहा दिवस

परदेशाच्या दारात प्रवाशाला दोन माणसे भेटतात. एक सामान उघडायला लावतो, दुसरा नाडी बघतो. जकातवाला आणि डॉक्टर. प्रवासवर्णनांत यांना दोन-चार ओळींपलीकडे जागा मिळत नाही. मला मात्र गेली काही वर्षे याच दोघांनी धरून ठेवले आहे. माझा शोध सुरू झाला तो मुंबईहून आगबोटीने हजला जाणाऱ्या यात्रेकरूंपासून.

भोपाळची सिकंदर बेगम १८६४ मध्ये मुंबईहून जेद्दाला गेली. तिने लिहिलेला वृत्तांत १८७० मध्ये इंग्रजीत छापला गेला. जेद्दाच्या जकातवाल्यांनी आपल्या पेट्या उघडल्या, सामान विस्कटले, याबद्दलचा तिचा संताप त्यात स्पष्ट दिसतो. राज्य करणाऱ्या बेगमेची ही गत, तर गाठीला मोजके रुपये बांधून निघालेल्या कोकणातल्या किंवा बंगालमधल्या माणसाची काय झाली असेल, याची कल्पना करावी.

पुढच्याच वर्षी दारातल्या दुसऱ्या माणसाचे महत्त्व वाढले. १८६५ च्या हजमध्ये पटकीची साथ उसळली आणि हजारो माणसे दगावली. परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर ती सुएझमार्गे इजिप्तमध्ये आणि तिथून भूमध्य समुद्राच्या बंदरांत पोहोचली. शिडाच्या जहाजांच्या काळात लांबलचक प्रवास हीच एक गाळणी होती. रोग जहाजावरच पेटायचा आणि बहुधा तिथेच विझायचा. आगबोटीने ही गाळणी काढून टाकली. १८६६ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. पटकीचे मूळ घर हिंदुस्थान आहे आणि ती माणसांच्या ये-जा करण्याने पसरते, असा निष्कर्ष तिने काढला.

हिंदुस्थान सरकारला हा निष्कर्ष परवडणारा नव्हता. जहाजे अडवली की व्यापार अडतो. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर तर एकेका दिवसाला मोल आले. सरकारचे सॅनिटरी कमिशनर जे. एम. कनिंगहॅम यांनी पटकी माणसाकडून माणसाला होते हे अखेरपर्यंत मान्य केले नाही. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात पटकीचे जंतू दाखवले, तरी सरकारी भूमिका लगेच बदलली नाही. यात्रेकरूंच्या धर्मात ढवळाढवळ केल्याचा ठपका येईल, ही भीतीही होतीच. परिणामी, जी तपासणी मुंबईच्या धक्क्यावर कसून व्हायला हवी होती, ती तशी झाली नाही.

ती जबाबदारी मग तुर्की साम्राज्याने आपल्या पद्धतीने घेतली. येमेनच्या किनाऱ्यालगत तांबड्या समुद्रात कामरान नावाचे बेट आहे. तिथे १८८२ मध्ये क्वारंटाइनचे ठाणे सुरू झाले. हिंदुस्थानातून येणाऱ्या यात्रेकरूंना तिथे साधारण दहा दिवस उतरवून घेत. झावळ्यांच्या झोपड्या, मचूळ पाणी, महाग शिधा आणि कपड्यांचे निर्जंतुकीकरण. वर या सगळ्याची फी यात्रेकरूकडूनच वसूल होई. आजारी आणि धडधाकट माणसे एकाच वाळूवर दिवस काढत. याच काळात युरोपकडे जाणाऱ्या टपालाच्या बोटींना वेगळा न्याय होता. १८९२ च्या व्हेनिस परिषदेने त्यांना काही अटींवर न थांबता कालवा ओलांडण्याची मुभा दिली. समुद्र एकच, जंतूही एकच. तिकिटे मात्र वेगळी.

या इतिहासात मला सर्वांत जवळचा वाटतो तो डॉक्टर अब्दुर रझाक. बंगालच्या वैद्यकीय सेवेतला हा मुसलमान डॉक्टर १८८२ मध्ये जेद्दाला ब्रिटिशांचा उपवकील म्हणून नेमला गेला. यात्रेकरूंचे हाल त्याने वर्षानुवर्षे सरकारला लिहून कळवले. १८९३ च्या हजमध्ये पटकीने पुन्हा कहर केला. तुर्कांनी मक्का आणि जेद्दा इथे निर्जंतुकीकरणाची यंत्रे आणली. त्यांच्याबद्दल नाना अफवा उठल्या. मे १८९५ मध्ये जेद्दाबाहेर परदेशी वकिलांवर बेदुइनांनी हल्ला केला, त्यात अब्दुर रझाक मारला गेला. मक्केतली यंत्रे जमावाने फोडली. हल्ल्यामागे राजकारणही होते. पण लोकांचा राग ज्या व्यवस्थेवर होता, तिच्या दोषांबद्दल लिहिणाराच त्यात गेला.

मराठी वाचकाला इथे पुणे आठवल्याशिवाय राहणार नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. १८९७ मध्ये मुंबईहून हजला जाण्यावर बंदी आली आणि त्याच वर्षी २२ जूनला पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. अब्दुर रझाक आणि रँड यांना एका तराजूत घालता येणार नाही. एक यात्रेकरूंच्या बाजूने लिहीत होता, दुसऱ्याच्या हुकमाने सोजीर देवघरापर्यंत शिरत होते. पण दोन्हीकडे औषधाआधी सक्ती दारात आली होती. मग उपचारावरचाही विश्वास उडतो.

सुधारणा हळूहळू झाल्या. १८९४ च्या पॅरिस परिषदेपाठोपाठ १८९५ चा यात्रेकरू जहाजांचा कायदा आला. मोठ्या यात्रेकरू जहाजावर डॉक्टर बंधनकारक झाला. पुढे निघण्यापूर्वीच देवीची आणि पटकीची लस टोचून घेण्याची पद्धत पडली. प्रवाशाची काळजी परक्या बेटावरून त्याच्या स्वतःच्या बंदरात आली, तशी कामरानची गरज कमी होत गेली. १९५० च्या दशकात ते ठाणे बंद झाले. मुंबईहून जहाजाने होणारी हज यात्राही १९९५ मध्ये थांबली. सिनाईतल्या एल टॉर या दुसऱ्या ठाण्याचे नाव मात्र उरले आहे. तिथे १९०५ मध्ये यात्रेकरूंच्या शरीरात सापडलेल्या जंतूला तेच नाव मिळाले आणि १९६१ पासूनची जागतिक पटकीची साथ याच जंतूची.

आज दाराच्या आत आपण उभे आहोत. पीतज्वराच्या देशातून लशीच्या दाखल्याशिवाय येणाऱ्याला भारत सहा दिवसांपर्यंत अलग ठेवतो. नियम योग्यच आहे. आपल्याकडे तो रोग नाही, पण तो पसरवणारा डास घरोघर आहे. तरीही त्या सहा दिवसांत प्रवाशाला पाणी कसले मिळते, त्याच्या भाषेत त्याला कोण समजावते आणि खर्च कोणाच्या खिशातून जातो, हे विचारत राहायला हवे. कामरानच्या वाळूवर बसलेल्यांचे प्रश्नही हेच होते.