कवी अनिल, एक चिनी मूल आणि सनावळीचा मोह

नेट-सेटची तयारी करणाऱ्यांना कवी अनिल म्हटलं की दोन शब्द आठवतात: मुक्तछंद आणि दशपदी. या दोहोंच्या मधे एक चिनी मूल उभं आहे. ते आपल्या नोट्समधून बहुतेक वेळा सुटतं.

आत्माराम रावजी देशपांडे यांचा जन्म १९०१चा, मूर्तिजापूरचा. कायद्याचं शिक्षण, न्यायखात्यात नोकरी, स्वातंत्र्यानंतर समाजशिक्षणाचं काम. नागपूर राजधानी असलेल्या ज्या प्रांतात ते वावरले, त्यातच आपला भंडारा जिल्हाही होता. 'फुलवात' (१९३२) हा त्यांचा सुरुवातीचा संग्रह. पुढे 'भग्नमूर्ती' (१९४०) आणि 'निर्वासित चिनी मुलास' (१९४३) ही दोन दीर्घकाव्यं आली, दोन्ही मुक्तछंदात.

आता काळ बघा. १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठं आक्रमण केलं. १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं. त्यातले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस डिसेंबर १९४२ मध्ये तिथेच वारले. आणि १९४३ मध्ये हे पुस्तक! इथे लगेच लिहावंसं वाटतं, 'कोटणीसांच्या मृत्यूमुळे अनिलांनी ही कविता लिहिली.'

थांबा. १९४३ हे प्रकाशनाचं वर्ष आहे, लेखनाचं नव्हे. दोन सनं शेजारी आली म्हणून एक दुसऱ्याचं कारण होत नाही. असा दावा करायचा तर कवीची पत्रं, प्रस्तावना, त्या काळातली मासिकं असा पुरावा हवा. तो हाती नसेल तर 'याच काळात' एवढंच लिहा, 'यामुळे' लिहू नका. व्हायवात नेमकं इथेच पकडतात.

मग हाती ठोस काय उरतं? शीर्षक. 'मुलास' ही विभक्ती बघा. कवी चीनबद्दल बोलत नाही, एका मुलाशी बोलतोय. असं लांबलचक बोलणं बांधीव वृत्तात अवघडून जातं; लहानमोठ्या ओळींचा, तरीही लय सांभाळणारा मुक्तछंद त्याला सोयीचा पडतो. म्हणजे मुक्तछंद ही फक्त रचनेची हौस नव्हती, विषयाचीही गरज होती, असा मुद्दा मांडता येतो. आणि तो पुस्तक उघडून तपासताही येतो.

१९७७ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो 'दशपदी'ला. त्यामुळे ओळख दहा ओळींची झाली. पण ज्या कवीने आधी दीर्घकाव्यं लिहिली, तो शेवटी दहाच ओळींवर का आला? कोणाला विषय हवा असेल तर हा घ्या.